बोट पळत नाही, दोष कुणाचा?

जुनी मासेमारी बोट पूर्वीसारखी पळेनाशी झाली की पहिला पाना चालतो तो आउटबोर्ड मोटरवर, म्हणजे बोटीच्या मागे बाहेरून बसवलेल्या इंजिनावर. नवे प्लग येतात, कार्ब्युरेटर उघडला जातो. पण त्याआधी दोन आकडे हाती हवेत: थ्रॉटल पूर्ण उघडल्यावर इंजिन मिनिटाला किती फेरे घेतं आणि जीपीएसवर वेग किती दिसतो. शांत पाण्यात, नेहमीच्या ओझ्यासह, एकदा प्रवाहाबरोबर आणि एकदा प्रवाहाविरुद्ध धावून वेगाची सरासरी काढावी. जुन्या फेरेमापकावर मात्र डोळे मिटून विसंबू नये. त्याच्या मागची बारीक कळ चुकीच्या खुणेवर असेल तर काटा बिनदिक्कत खोटं सांगतो.

या आकड्यांना अर्थ येतो तो पंख्यामुळे, म्हणजे पाण्यात फिरून बोट ढकलणाऱ्या प्रोपेलरमुळे. लाकडात स्क्रू शिरावा तसा पंखा पाण्यात शिरतो आणि एका फेऱ्यात तो जितका पुढे जायला हवा ते अंतर म्हणजे त्याची पिच. इंजिनाचे ५,५०० फेरे, गिअर २:१ (इंजिनाच्या दोन फेऱ्यांमागे पंख्याचा एक) आणि पिच १५ इंच असेल, तर हिशेबाने ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेग निघतो. पाणी लाकडाइतकं घट्ट नसल्याने पृष्ठभागावर उचलून धावणाऱ्या हलक्या बोटीतही १०-१५ टक्के घसरण धरावीच लागते. पण फेरे भरपूर आणि जीपीएसवर जेमतेम ३५, म्हणजे पंख्याची पकड सुटली आहे. एकतर मोटर फार उंच बसवल्याने तो हवा ओढतोय, नाहीतर त्याच्या पोटातलं रबरी बुश सुटलंय: दांडा फिरतो, पाती मागे राहतात. पंख्याच्या आतल्या आणि बाहेरच्या भागावरून रंगाची एकच सरळ रेघ ओढून फेरी मारावी. परतल्यावर रेघ जुळत नसेल तर बुश बदलायचं.

खरा पेच येतो फेरे आणि वेग दोन्ही कमी असताना. निर्मात्याने ५,००० ते ६,००० सांगितलेत आणि इंजिन ४,५०० च्या पुढे जात नाही. त्याच पंख्याला लागणारी शक्ती साधारण फेऱ्यांच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून फेरे १० टक्के घटले तर पंख्याला मिळणारी शक्ती जवळजवळ २७ टक्क्यांनी घटलेली असते. इथे बरेच जण कमी पिचचा पंखा लावतात. एक इंच पिच कमी केली की साधारण १५० ते २०० फेरे वाढतात आणि काटा पुन्हा योग्य जागी दिसतो. हा उपाय मला पटत नाही. थकलेलं इंजिन असो की जड झालेली बोट, फेरे दोन्ही वेळा वाढतात आणि दुखणं झाकलं जातं. जुनी बोट विकत घेताना पंख्यावर कोरलेली पिच वाचावी ती याचसाठी.

इंजिनाची बाजू तपासायला फार खोलात जावं लागत नाही. मूठ शेवटपर्यंत गेली तरी केबल सैल झाल्याने थ्रॉटलची झडप अर्धवटच उघडत असेल, ते इंजिन बंद ठेवून पाहता येतं. पूर्ण वेगात दम तुटला की कुणाला तरी इंधनाच्या नळीतला रबरी फुगा दाबायला सांगावं. फेरे वाढले तर इंधन पुरेसं पोचत नव्हतं. फुगा आपोआप चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला आहे, कित्येकदा टाकीचं हवेचं छिद्रच बंद असतं. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजावं. सिलिंडरांच्या आकड्यांत १०-१५ टक्क्यांहून जास्त तफावत असेल तर इंजिन उघडावंच लागेल.

हे सगळं ठीक निघालं की बोटीकडे वळायचं. तळाला चिकटलेलं शेवाळ आणि बार्नेकल (कवचाचे चिकट समुद्री जीव) नजरेला दिसतात, खरवडले की जातात. फसवतो तो डेकखालचा फोम. बोट बुडू नये म्हणून भरलेला हा फोम वर्षानुवर्षं ओल शोषत राहतो आणि दर लिटर पाण्यामागे एक किलो ओझं कायमचं वाढतं. ट्रेलरसकट वजनकाट्यावर नेऊन मूळ वजनाशी ताडून पाहावं, किंवा डेकला छोटं भोक पाडून फोमचा तुकडा काढून पिळावा. पाणी गळलं तर उन्हात ठेवून तो वाळेल ही आशा सोडावी. डेक कापून भिजलेला फोम काढणं आणि नवा भरणं, हेच काम उरतं.