कबुतरखान्याच्या वादात ससाण्याची बाजू

जुलै २०२५ मध्ये मुंबईतले ५१ कबुतरखाने बंद करायची घोषणा विधान परिषदेत झाली. ऑगस्टमध्ये दादरच्या कबुतरखान्यावर पालिकेने घातलेली ताडपत्री आंदोलकांनी फाडली. एका बाजूला विष्ठेमुळे होणारे फुप्फुसांचे विकार, दुसऱ्या बाजूला जीवदया. जीवदया म्हटलं की शिबी राजा आठवतोच. कबुतराला ससाण्यापासून वाचवायला त्याने स्वतःचं मांस तोलून दिलं. पण त्या कथेत ससाणाही वाद घालतो, हे आपण सोयीने विसरतो. हे माझं अन्न आहे, ते हिरावलंस तर माझी बायकापोरं मरतील, त्याचं काय? राजाकडे याला उत्तर नव्हतं, म्हणून तर तराजू आणावा लागला.

पारवा मुळात कड्याकपारीत राहणारा. खिडकीवरचा सज्जा, एसीमागची सांदट, पुलाची तुळई या त्याच्या लेखी कपारीच. बहिरी ससाणाही कड्यांवरचाच. त्याचा इथला भाऊबंद शाहीन सह्याद्रीच्या कड्यांवर घरटं करतो, तर उत्तरेकडचे बहिरी ससाणे हिवाळी पाहुणे. उंचावरून सूर मारताना या पक्ष्याचा वेग ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातो. थवा एकवटून वळला की नेम धरणं कठीण, त्यामुळे बाजूला फुटलेलं कबुतर बहुधा बळी पडतं. चोचीच्या कडेला दातासारखा उंचवटा असतो, त्याने तो मान मोडतो. आपल्या वस्त्यांमधला शिक्रा आकाराने लहान, त्याला मोठं पारवं जड जातं.

माणूस मात्र कधी याच्या बाजूने, कधी त्याच्या. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनने निरोप्या कबुतरांच्या रक्षणासाठी बहिरी ससाणे गोळ्या घालून मारले. पुढे डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन अमेरिकेच्या पूर्व भागातून हा पक्षी नाहीसाच झाला. १९७२ मध्ये तिथे डीडीटीवर बंदी आली, पिंजऱ्यात वाढवलेली पिल्लं सोडली गेली आणि न्यूयॉर्कच्या पुलांवर घरटी दिसू लागली. खायला कबुतरं होतीच.

यावरून ‘मुंबईतही ससाणे सोडा, प्रश्न मिटेल’ असा सल्ला मिळतो. मला तो भाबडा वाटतो. शिकारी पक्षी थोडे, हद्द राखून राहणारे. पारव्याची मादी एका वेळी दोन अंडी घालते, ती साधारण १८ दिवसांत उबतात आणि दाणे मिळत राहिले की वर्षभर वीण चालू राहते.

स्वित्झर्लंडच्या बाझेल शहराने हे आधीच भोगलंय. १९६१ ते १९८५ या काळात तिथे सुमारे एक लाख कबुतरं मारली, तरी थवे तेवढेच राहिले. १९८८ पासून लोकांना समजावून दाणे टाकणं कमी करवलं, जोडीला देखरेखीखालच्या खुराड्यांतली अंडी काढून घेतली. चारपाच वर्षांत संख्या जवळपास निम्म्यावर आली.