आच बंद, पंखा चालू: घरभराच्या ह्युमिडिफायरची वायरिंग

शिकागो, टोरांटो किंवा मिनिआपोलिसच्या हिवाळ्यात बाहेरची हवा उणे १० अंश सेल्सिअसवर असते. ती बाष्पाने पूर्ण भरलेली असली, तरी तिच्या एका घनमीटरात जेमतेम सव्वादोन ग्रॅम पाणी असते. हीच हवा फटींतून घरात शिरून २१ अंशांपर्यंत तापली की तिला अठरा ग्रॅम पेलता येतात. पाणी मात्र तेवढेच राहते, म्हणून सापेक्ष आर्द्रता १०-१२ टक्क्यांवर घसरते. लाकडी फरशीला फटी पडतात, दाराच्या मुठीला हात लावताच झटका बसतो, तबल्याची पुडी कोरडी होऊन स्वर चढतो.

यावर उपाय म्हणून फर्नेसच्या (घर तापवणाऱ्या भट्टीच्या) डक्टवर, म्हणजे तिची हवा घरभर नेणाऱ्या नळावर, ह्युमिडिफायर (हवेला ओलावा देणारे यंत्र) बसवतात. आत एक जाळीदार पॅड असतो. २४ व्होल्टचा सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारी पाण्याची झडप) उघडला की त्यावर पाणी झिरपते, डक्टमधली हवा त्यातून जाताना बाष्प उचलते आणि उरलेले पाणी ड्रेनमध्ये जाते. नेहमीच्या वायरिंगमध्ये हा व्हॉल्व्ह फक्त बर्नर पेटल्यावर उघडतो. कडाक्याच्या थंडीत ते चालून जाते. पण बाहेर शून्याच्या आसपास तापमान असेल, किंवा घराच्या मानाने फर्नेस मोठी असेल, तर बर्नर थोडा वेळ पेटून विझतो आणि पॅड पुरता भिजतही नाही. अशा घरांत ह्युमिडिफायर आचेऐवजी ब्लोअरला, म्हणजे फर्नेसच्या पंख्याला, जोडावा.

पहिला विचार येतो तो थर्मोस्टॅटच्या (घराचे तापमान राखणाऱ्या भिंतीवरच्या नियंत्रकाच्या) ‘जी’ वायरचा, कारण ती पंख्याची वायर. इथेच बरेच जण फसतात. गॅस फर्नेसमध्ये उष्णतेची मागणी ‘डब्ल्यू’वरून जाते आणि पंखा फर्नेसमधला कंट्रोल बोर्ड स्वतः सुरू करतो, ‘जी’ला तेव्हा बहुधा वीजच नसते. म्हणजे ऐन गरम हवेच्या वेळी व्हॉल्व्ह बंद! मग ‘जी’ आणि ‘डब्ल्यू’ एकत्र जोडायचे म्हटले, तर वीज उलटी फिरते आणि नुसता पंखा लावला तरी बर्नर पेटतो.

दुसरी चूक महाग पडते. जुन्या, अनेक वेगांच्या मोटरच्या एखाद्या स्पीड वायरवर व्हॉल्व्हला २४ व्होल्ट देणारा ट्रान्सफॉर्मर जोडला, तर मोटर दुसऱ्या वेगावर चालताना त्या मोकळ्या वायरवरही व्होल्टेज उमटते, कधी तिथल्या घरगुती विजेच्या १२० व्होल्टपेक्षाही जास्त. ट्रान्सफॉर्मर त्यात जळतो.

बऱ्याच कंट्रोल बोर्डांवर ‘ईएसी’ नावाचे टर्मिनल असते. ते विजेवर चालणाऱ्या एअर क्लीनरसाठी दिलेले असते आणि ब्लोअर कोणत्याही कारणाने फिरला की त्यावर १२० व्होल्ट येतात. आपल्याला नेमके हेच हवे. ‘ईएसी’ आणि न्यूट्रल यांच्यामध्ये १२० ते २४ व्होल्टचा वेगळा ट्रान्सफॉर्मर जोडावा. व्हॉल्व्हला साधारण १०-१२ व्हीए (व्होल्ट-अँपिअर) लागतात, त्यामुळे बाजारात सहज मिळणारा ४० व्हीएचा पुरून उरतो. त्याच्या २४ व्होल्टच्या एका टोकापासून वायर ह्युमिडिस्टॅटला (हवेतला ओलावा पाहून चालू-बंद होणाऱ्या स्विचला), तिथून व्हॉल्व्हला आणि परत दुसऱ्या टोकाला: सगळे एका सिरीजमध्ये. हा ट्रान्सफॉर्मर फर्नेसच्या ‘आर’ला (तिच्या स्वतःच्या २४ व्होल्टच्या वायरला) कुठेही जोडू नये, दोघांचे फेज उलटे असले तर काहीतरी जळणारच. ‘एचयूएम’ हे ह्युमिडिफायरचे टर्मिनल दिसले म्हणून हुरळून जाऊ नये. काही बोर्डांवर त्याला २४ व्होल्ट असतात, काहींवर १२०, आणि बहुतेक ठिकाणी ते उष्णतेच्या मागणीलाच जागे होते.

‘ईएसी’ नसेल तर ब्लोअरच्या १२० व्होल्टच्या वायरभोवती करंट सेन्सिंग रिले (वायरमधला प्रवाह ओळखून चालू होणारा स्विच) बसवतात. नव्या ईसीएम (इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या) मोटरला वीज कायम जोडलेली असते, म्हणून तिथे व्होल्टेज पाहून उपयोग नाही. प्रवाहच पाहावा लागतो. मंद वेगात तो इतका कमी होतो की रिले ओढतच नाही. अशा वेळी तीच वायर रिलेच्या छिद्रातून दोनदा ओवली की जाणवणारा प्रवाह दुप्पट होतो.

थर्मोस्टॅटमध्येच ह्युमिडिफायरचे कोरडे संपर्क (स्वतःची वीज न देणारा नुसता स्विच) आणि ‘ओलाव्यासाठी पंखा चालवा’ असे सेटिंग असेल, तर मात्र ही सगळी उठाठेव सोडून तोच मार्ग धरावा. १२० व्होल्टला हात न लावता काम होते.

उन्हाळ्यात एसीसाठीही ब्लोअर फिरतो. ह्युमिडिस्टॅट बंद करायचा राहिला तर एसी ओलावा काढणार आणि आपण पुन्हा भरणार. म्हणून २४ व्होल्टचा एक रिले घेऊन त्याची कॉइल ‘वाय’ (एसीची मागणी) आणि ‘सी’वर (सामाईक वायर) जोडावी आणि त्याचा एरवी मिटलेला संपर्क व्हॉल्व्हच्या सिरीजमध्ये घालावा. बायपास प्रकारात, म्हणजे हवा एका जोडनळातून ह्युमिडिफायरमध्ये वळवली असेल तिथे, डक्टची झडपही हाताने बंद करावी लागते. ते काम वायरिंग करत नाही.

आता अपेक्षांबद्दल. एक लिटर पाण्याचे बाष्प व्हायला सुमारे ०.६८ युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. बर्नर पेटलेला असताना ती गरम हवेतून मिळते. नुसता पंखा फिरताना हवा २० अंशांची असते. बाष्पीभवन बरेच कमी होते, ड्रेनमध्ये जास्त पाणी जाते आणि घरातून गेलेली उष्णता फर्नेसला नंतर भरून काढावी लागते. त्यामुळे या जोडणीत पाण्याची नळी गरम पाण्याच्या पाइपला जोडणे फार उपयोगी. बाहेरच्या हवेतून उष्णता ओढून घर तापवणाऱ्या हीट पंपाच्या घरांतही तेच, कारण तिथली डक्टमधली हवा फर्नेसइतकी तापत नाही.

काम सुरू करण्याआधी फर्नेसचा स्विच आणि ब्रेकर दोन्ही बंद करून मल्टिमीटरने खात्री करावी. १२० व्होल्टचे जोड बंद जंक्शन बॉक्समध्येच हवेत. याची सवय नसेल तर इलेक्ट्रिशियन बोलवावा. बोर्डावरच्या २४ व्होल्टच्या वायरी एकमेकींना चिकटल्या तर त्यावरचा ३ किंवा ५ अँपिअरचा फ्यूज उडतो आणि अनेक थर्मोस्टॅटची स्क्रीन काळी होते. बोर्ड गेला असे समजून नवा घेण्याआधी तो फ्यूज पाहावा. चाचणी घेताना ह्युमिडिस्टॅट वर करून पंखा लावावा. व्हॉल्व्हची टिक ऐकू आली पाहिजे, त्याच्या टोकांवर २४ ते २८ व्होल्ट एसी दिसले पाहिजेत आणि थोड्याच वेळात ड्रेनमध्ये पाणी पडू लागले पाहिजे. टिक ऐकू आली पण पाणी नाही, तर बहुधा क्षारांनी छिद्र बुजलेले असते.

बाहेर उणे ७ अंश असताना घरात ३५ टक्के, उणे १८ ला २५ आणि उणे २९ ला १५ टक्क्यांवर थांबावे. आता यंत्र बर्नरवर अवलंबून नाही, त्यामुळे ते या मर्यादा सहज ओलांडू शकते. सकाळी काचांच्या खालच्या कडेला पाणी साचलेले दिसले, की ह्युमिडिस्टॅट पाच टक्क्यांनी खाली घ्यावा.