बोरिंग बार: तोफखान्यापासून घरच्या लेथपर्यंत

घरच्या लहान लेथवर (काम फिरवून कापणाऱ्या यंत्रावर) बाहेरचा व्यास मापात आणणे फारसे अवघड नसते. कस लागतो तो आतला बोअर, म्हणजे भोक, सरळ, गोल आणि मापात आणताना. बाहेरून कापणारे टूल आखूड आणि जाड ठेवता येते, पण आतून कापणारे टूल भोकापेक्षा बारीक आणि भोकाच्या खोलीपेक्षा लांब असावेच लागते, आणि म्हणून ते सहज लवते. बोरिंग टूलचा इतिहास मुख्यतः या एका अडचणीचा इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात तोफांपासून होते.

पूर्वी तोफा पोकळीसाठी मध्ये गाभा ठेवून ओतल्या जात. ओतताना गाभा किंचित जरी सरकला, तरी नळीचा अक्ष वाकडा होई. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात स्वित्झर्लंडच्या जाँ मारित्झ यांनी तोफ भरीव ओतून मग तिला बोअर पाडण्याची पद्धत रूढ केली. 1770 मध्ये इंग्लंडमधील वूलिच येथील तोफखान्यात गेलेल्या यान व्हरब्रुगेन यांच्या आडव्या यंत्रात तोफ स्वतःभोवती फिरत असे आणि न फिरणारे टूल तिच्यात पुढे सरकत असे. चकमध्ये (लेथच्या पकडीत) काम धरून बोअर करताना आपण आजही तेच करतो.

वाफेच्या इंजिनाचा सिलिंडर मात्र या रीतीने साधेना. जॉन स्मीटन यांनी स्कॉटलंडमधील कॅरन कारखान्यासाठी केलेल्या यंत्रात लांब दंडाच्या (बारच्या) टोकाला कापणारे डोके होते, आणि त्याचा भार सिलिंडरच्या आत चालणाऱ्या छोट्या गाड्यावर पेललेला होता. गाडा ओतकामाच्या खडबडीत पृष्ठभागावरून चाले, त्यामुळे मूळचा वाकडेपणा टूलही गिरवी. 1775 च्या सुमारास जॉन विल्किन्सन यांनी दंड सिलिंडरच्या आरपार नेला, त्याची दोन्ही टोके बेअरिंगांत धरली आणि कापणारे डोके त्या दंडावरून सरकवले. टूलचा मार्ग आता सिलिंडरने नव्हे, दंडाने ठरवला. इंग्लंडमधील टिप्टन येथे उभारलेल्या इंजिनाचा 50 इंची सिलिंडर जुन्या शिलिंग नाण्याच्या जाडीइतकाही कुठे चुकलेला नाही, असे वॉट यांचे भागीदार मॅथ्यू बोल्टन यांनी 1776 मध्ये समाधानाने लिहिले. जेम्स वॉट यांचे इंजिन व्यवहारात उतरले त्यात या दंडाचा वाटा फार मोठा आहे, आणि माझ्या मते बोरिंगविषयी यापेक्षा महत्त्वाचा शोध नंतर लागलेला नाही.

पुढच्या काळात बदल झाला तो मुख्यतः धारेत. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात टेलर आणि व्हाइट यांच्या हायस्पीड स्टीलने लालसर तापूनही धार टिकवून दाखवली. 1923 मध्ये कार्ल श्रोटर यांनी जर्मनीत सिमेंटेड कार्बाइड या अतिकठीण पदार्थाचे पेटंट घेतले आणि काही वर्षांत क्रुप कंपनीने ते ‘विडिया’ या नावाने बाजारात आणले. घरच्या वर्कशॉपमध्ये या दोहोंतून निवड करताना केवळ कठीणपणा पाहणे चुकीचे ठरते. टूल स्टील कडक केल्याने ते झिजेला टिकते, पण वाकण्याला त्याचा विरोध वाढत नाही. मऊ पोलादाचा आणि कडक पोलादाचा लवचीकता गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, जवळजवळ सारखाच असतो. कार्बाइडचा मात्र सुमारे तिप्पट असतो, आणि म्हणून संपूर्ण दांडाच कार्बाइडचा असेल तरच तो फायदा मिळतो. पोलादी दांड्याच्या टोकाला कार्बाइडची टिप लावल्याने दांडा ताठ होत नाही. पकडीतून बाहेर काढलेली दांड्याची लांबी दुप्पट केली तर लवणे आठपट होते, आणि व्यास 8 मिमीऐवजी 12 मिमी घेतला तर ते सुमारे एकपंचमांशावर येते. पोलादी बार व्यासाच्या चौपटीपेक्षा अधिक बाहेर काढू नये, हा सर्वमान्य नियम या हिशेबातूनच आला आहे. त्यापुढे टूल थरथरू लागते आणि बोअर नेमका मापात येत नाही.

हौशी कारागिरांपर्यंत हे ज्ञान पोहोचले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. 1898 मध्ये पर्सिव्हल मार्शल यांनी लंडनमध्ये ‘मॉडेल इंजिनिअर’ हे नियतकालिक सुरू केले. पुढे ड्रमंड आणि मायफर्ड या कंपन्यांचे साडेतीन इंची सेंटर उंचीचे (बेडपासून फिरण्याच्या अक्षापर्यंतची उंची) लेथ घरोघरच्या वर्कशॉपमध्ये गेले. त्यांच्या क्रॉस स्लाइडवर (आडव्या सरकत्या भागावर) टी आकाराच्या खाचा होत्या, आणि ही लहानशी सोय मला फार मोलाची वाटते. खाचांत बोल्ट घालून सिलिंडरचे ओतकाम क्रॉस स्लाइडवर बसवायचे, हेडस्टॉक (फिरवणारे टोक) आणि टेलस्टॉक (समोरचे आधाराचे टोक) यांच्या सेंटरांमध्ये, म्हणजे टोकदार आधारांमध्ये, बार फिरवायचा आणि कॅरेजने (लांबीच्या दिशेने सरकणाऱ्या भागाने) काम पुढे सरकवायचे, म्हणजे दोन्ही टोकांना आधार असलेला विल्किन्सन यांचा दंडच घरच्या लेथवर उभा राहतो.

हा बार घरीच करता येतो. मऊ पोलादाच्या सळईला दोन्ही टोकांना सेंटर ड्रिल करावे (सेंटर बसण्यापुरते भोक पाडावे), ती सेंटरांमध्येच कातून घ्यावी, मध्यावर आडवे भोक पाडून त्यात हायस्पीड स्टीलचा गोल तुकडा बसवावा आणि बाजूने सेट स्क्रूने आवळावा. बारची लांबी बोअरच्या दुपटीहून थोडी अधिक लागते, कारण काम टूलच्या एका बाजूकडून पूर्णपणे दुसऱ्या बाजूला गेले पाहिजे. बारचा व्यास ठाऊक असल्याने बारच्या पाठीपासून टूलच्या टोकापर्यंतचे अंतर मायक्रोमीटरने मोजून त्यातून बारची त्रिज्या वजा केली, की बोअरची त्रिज्या कळते.

आरपार नसलेल्या भोकात हा बार शिरू शकत नाही. तिथे एकाच टोकाला धरलेला, शक्य तितका जाड आणि आखूड बारच वापरावा लागतो.