शीत त्याच भातातलं होतं का?

स्तनातल्या गाठीच्या बायोप्सीचा, म्हणजे सुईने काढलेल्या तुकड्यांच्या तपासणीचा, रिपोर्ट मिळाला तेव्हा माझ्या धाकट्या बहिणीने पाकीट दवाखान्याच्या जिन्यातच फोडलं. बाकी सगळं सोडून ती एकच शब्द शोधत होती. ‘बिनाइन’. म्हणजे साधी गाठ, कॅन्सर नाही. तो सापडला आणि ती पायरीवर बसून रडली. मग डॉक्टरांची चिठ्ठी वाचली: ६ महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी. तिचा चेहरा परत उतरला. “ताई, काही निघालं नाही ना? मग परत कशाला?”

हा प्रश्न पुष्कळ बायकांना पडतो. त्याचं उत्तर नीट मिळालं नाही की ती तारीख घरच्या कामांत बुडून जाते, आणि मला त्याचीच काळजी वाटते.

बायोप्सीच्या वेळी मी तिच्याजवळ उभी होते. जागा बधिर केली, आणि डॉक्टरांनी सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत बघत सुई गाठीपर्यंत नेली. मग स्टेपलर मारल्यासारखा ‘खट्’ आवाज झाला. सुईच्या खाचेत पांढुरका तुकडा आला होता, शेवईसारखा, दीड-दोन मिलिमीटर जाड आणि जेमतेम दोन सेंटिमीटर लांब. असे चार-पाच तुकडे घेतले. प्रत्येक तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत टाकला की डॉक्टर क्षणभर बाटलीकडे बघायचे. नंतर कळलं की गाठीचा घट्ट तुकडा तळाला जातो आणि नुसती चरबी आली असेल तर ती वर तरंगते.

दोन सेंटिमीटरच्या गाठीतून असे पाच तुकडे काढले, तरी हाती येतो तो गाठीचा दोन-तीन टक्के भाग. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती हीच. परीक्षा चांगली आहे. सोनोग्राफीत बघून केलेल्या बायोप्सीत कॅन्सर हुकण्याचं प्रमाण शेकडा दोनच्या आसपास असतं. अट एवढीच, की शीत त्याच भातातलं हवं.

ते तसं आहे का, हे पाहण्याचं काम रिपोर्ट आल्यानंतर होतं आणि पेशंटला ते सहसा दिसत नाही. सोनोग्राफीतलं चित्र आणि सूक्ष्मदर्शकाखालचं निदान यांचा मेळ बसतो का, हे तपासलं जातं. चित्रात गुळगुळीत कडांची, आडवी, अंडाकृती गाठ आहे आणि निदान कॅन्सर नसलेली एक साधी गाठ, फायब्रोअ‍ॅडिनोमा आहे, म्हणजे मेळ बसला. पण चित्रात काटेरी कडांची, खोलवर उभी वाढलेली गाठ दिसते आणि रिपोर्ट म्हणतो ‘साधी तंतुमय ऊती’, तर त्या रिपोर्टने गाठीचा उलगडा झालेला नाही. अशा वेळी ६ महिने थांबायचं नसतं. पुन्हा बायोप्सी करायची किंवा गाठ काढून तपासायची. म्हणून ‘कॅन्सर नाही ना?’ याच्या जोडीला डॉक्टरांना आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: “हा रिपोर्ट चित्राशी जुळतो का?”

मेळ बसला तरी लक्ष ठेवायचं, ते का? काही गाठी एका दिवसाच्या तपासणीत पूर्ण ओळखू येत नाहीत. फायलोडीस नावाची गाठ त्यातलीच. १८३८ मध्ये योहानेस म्यूलर यांनी तिला हे नाव दिलं, ग्रीक भाषेतल्या ‘पान’ या शब्दावरून, कारण कापल्यावर ती आतून पानांच्या घड्यांसारखी दिसते. सुईने काढलेल्या बारीकशा तुकड्यात मात्र ती फायब्रोअ‍ॅडिनोमासारखी दिसू शकते. दोघींतला फरक पुष्कळदा काळच दाखवतो, कारण फायलोडीस भराभर वाढते.

वाढ किती झाली तर दखल घ्यायची? ६ महिन्यांत गाठीचा व्यास २० टक्क्यांहून जास्त वाढला तर, असा एक प्रचलित निकष आहे. २० मिलिमीटरची गाठ २४ झाली, म्हणजे फक्त ४ मिलिमीटर वाढली, असं आपल्याला वाटतं. पण गाठ तिन्ही दिशांना वाढते. १.२ ला १.२ ने दोनदा गुणून बघा, उत्तर १.७३ येईल. म्हणजे आकारमान जवळजवळ पाऊणपट वाढलेलं असतं.

एवढा फरक पकडायचा तर जुनं माप आणि जुनी जागा बिनचूक माहीत हवी. म्हणून रिपोर्टमध्ये स्तनाला घड्याळाची तबकडी मानून लिहितात: उजवीकडे, १० वाजता, निप्पलपासून ४ सेंटिमीटरवर. जुन्या फिल्म आणि सीडी रद्दीत गेल्या तर दुसऱ्या तपासणीला शेजारी ठेवायला काहीच उरत नाही.

आणि हाताने केलेली तपासणी? मुंबईत टाटा मेमोरियलने १९९८ मध्ये सुरू केलेल्या अभ्यासात दीड लाखाहून जास्त बायका होत्या. त्या राहत होत्या त्यांतल्या निम्म्या वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासत. २० वर्षांनी हिशेब केला तेव्हा पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी दिसले. मॅमोग्राफीत, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेमध्ये, सगळे कॅन्सर दिसतातच असं नाही, विशेषतः दाट ऊतीच्या स्तनात. त्यामुळे तारीख यायच्या आधीच गाठ मोठी लागली, कातडी ओढली गेली किंवा निप्पलमधून रक्त आलं, तर कॅलेंडर बघत बसू नये. त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जावं.

धाकटी ६ महिन्यांनी गेली. फिल्मची पिशवी मी घेतली होती. डॉक्टरांनी जुनी फिल्म उजेडाच्या पेटीवर लावली आणि नवं चित्र पडद्यावर थांबवलं. तेव्हा १८ बाय ११, आता १८ बाय १०. कडा तशाच गुळगुळीत. बहिणीने दोन्ही आकडे स्वतः मोठ्याने वाचले आणि पर्समधून डायरी काढून पुढची तारीख विचारली.