पत्र्याचा तारा, खिशातलं घड्याळ आणि वेस्टर्न पिक्चरमधला न्याय

काउबॉय पिक्चर म्हटलं की आपल्याला वाटतं न्याय म्हणजे शेवटची गोळी, ज्याचा हात आधी चालला तो जिंकला. पण नीट बघितलं तर त्या गोळीच्या आगेमागे एखादी बारीकशी वस्तू असतेच, बिल्ला, घड्याळ, माउथ ऑर्गन असलं काहीतरी, आणि न्याय कोणाच्या हातात आहे ते त्या वस्तूवरून कळतं.

सुरुवात अर्थातच शेरीफच्या छातीवरच्या ताऱ्यापासून. गंमत म्हणजे टेक्सस रेंजर्सना (टेक्सस राज्याचं पोलीस दल) एकोणिसाव्या शतकात सरकारकडून बिल्ला वगैरे काही मिळायचा नाही, हौस असेल त्याने आपला आपण करून घ्यायचा. (आत्ताचा त्यांचा बिल्ला मेक्सिकोच्या ५ पेसोच्या चांदीच्या नाण्यातून कापतात, हे मला फार आवडतं.) म्हणजे तारा दिसला की कायदा आला, हे आपल्या डोक्यात पक्कं बसवलं ते मुख्यतः पिक्चरवाल्यांनीच.

आणि मग १९५२ साली 'हाय नून'मध्ये गॅरी कूपरने तोच तारा काढून धुळीत टाकला. कूपर म्हणजे गावाचा मार्शल, केन. त्याचं नुकतंच लग्न झालंय, बिल्ला उतरवून तो गाव सोडून निघालाय, तेवढ्यात कळतं की त्याने पकडलेला फ्रँक मिलर सुटलाय आणि दुपारी बाराच्या गाडीने येतोय. केन परत फिरतो, बिल्ला पुन्हा लावतो, सलूनमध्ये जातो, चर्चमध्ये जातो, आणि एकेक जण अंग काढून घेतो. मला विचाराल तर शेवटच्या गोळीबारापेक्षा जजसाहेबांचा सीन भारी आहे, तो माणूस केनशी बोलता बोलता भिंतीवरचा झेंडा उतरवून घडी घालतो, न्यायाचा तराजू आवरतो, कायद्याची पुस्तकं बांधतो आणि घोड्यावर टाकून पसार! कायदा गाव सोडून जाताना दिसतो तो असा, सामान बांधून.

हे लिहिणारा कार्ल फोरमन. पिक्चर बनत असतानाच, १९५१ मध्ये, त्याला कम्युनिस्ट शोधणाऱ्या संसदीय समितीपुढे बोलावणं आलं, त्याने इतरांची नावं द्यायला नकार दिला, हॉलिवूडमधलं काम बंद झालं आणि तो इंग्लंडला गेला. त्यामुळे पाठ फिरवणारं ते गाव म्हणजे हॉलिवूड, हे तेव्हाच्या लोकांना वेगळं सांगायची गरज नव्हती. वेस्टर्नचा बडा हिरो जॉन वेन, त्याला हा पिक्चर अजिबात पटला नव्हता, १९७१ च्या एका मुलाखतीत तो म्हणाला की कूपरने बिल्ला पायाखाली तुडवला. आता कूपरने तुडवलेला नाहीये, नुसता टाकलाय, पण वेनच्या डोक्यात वीस वर्षांत त्याचा तुडवलेला झाला होता. 'रिओ ब्राव्हो' (१९५९) हे वेन आणि दिग्दर्शक हॉवर्ड हॉक्सचं त्याला उत्तर. तिथला शेरीफ गावभर मदत मागत फिरत नाही.

या सगळ्याच्या मागे अजून एक गोष्ट होती जी फारशी बोलली जात नाही, हॉलिवूडची नियमावली म्हणजे हेज कोड. १९३४ पासून ती कडक लागू झाली. कायद्याची टिंगल नको, आजच्या काळातल्या कथेत सूडाचं समर्थन नको. पण त्यातच एक पळवाट होती, जुन्या काळात, जिथे कायदाच पोचलेला नाही अशा जागी, सूड कधीमधी दाखवला तर चालेल. म्हणजे वेस्टर्नला दार जवळजवळ उघडूनच दिलं होतं की!

ते दार पार उखडून टाकलं ते सर्जिओ लिओनेने, आणि त्याला हॉलिवूडचा धाक नव्हता कारण तो इटालियन, शूटिंग स्पेनच्या अल्मेरिया भागात. 'फॉर अ फ्यू डॉलर्स मोअर'मध्ये (१९६५) क्लिंट ईस्टवूड एका शेरीफच्या छातीवरचा तारा स्वतः काढतो आणि बाहेर लोकांकडे फेकतो, तुम्हाला नवीन शेरीफ पाहिजे म्हणून. इथे तारा एवढ्यात निकालात निघतो, आणि त्याची जागा घेतं एक वाजणारं खिशातलं घड्याळ. दरोडेखोर एल इंडिओकडे एक आणि त्याच्या मागावर असलेल्या कर्नल मॉर्टिमरकडे तसंच दुसरं, आत एका मुलीचा फोटो. सूर थांबला की गोळी. शेवटी इंडिओचं घड्याळ थांबायला येतं, मॉर्टिमरचं पिस्तूल लांब पडलेलं, आणि तेवढ्यात दुसऱ्या घड्याळाचा सूर सुरू होतो, ईस्टवूड ते हातात धरून उभा. मॉर्टिमरला तो आपला पिस्तुलाचा पट्टा देतो आणि बाजूला बसतो. कोर्ट नाही, जज नाही, फक्त दोघांना सारखा वेळ. ती मुलगी मॉर्टिमरची बहीण होती हे आपल्याला पक्कं कळतं ते त्यानंतर. तीन वर्षांनी 'वन्स अपॉन अ टाइम इन द वेस्ट'मध्ये लिओनेने हेच काम माउथ ऑर्गनकडून करून घेतलं, आणि त्याच १९६८ मध्ये तिकडे हेज कोडही गुंडाळला गेला.

आपल्याकडे हा सगळा माल 'शोले'त आला. ठाकूर स्वतः माजी पोलीस, पण हात तोडलेले, म्हणून त्याचं हत्यार म्हणजे बूट. मूळ शेवटात रामलाल त्या बुटांना खिळे ठोकतो आणि ठाकूर तेच बूट घालून गब्बरला मारून टाकतो. पण साल १९७५, आणीबाणी चालू, माजी पोलिसाने कायदा हातात घेतलेला सेन्सॉरला चालेना, शेवट परत शूट करावा लागला, पोलीस ऐनवेळी पोचतात आणि गब्बर त्यांच्या ताब्यात. आपण सगळे लहानपणापासून तोच बघत आलो, रामलालचे खिळे गाळलेला.