चिनी वनौषधींचा 'चहा': उकळून काय जातं, काय जात नाही

चिनी वैद्यकात झाडपाल्याच्या औषधी पाण्याला 'थांग' म्हणतात. आपल्या भाषेत काढाच. दक्षिण चीनच्या ग्वांगतुंग प्रांतातल्या आणि हाँगकाँगमधल्या गाड्यांवर, दुकानांत मिळणारा 'ल्यांगछा' नावाने चहा असला तरी त्यातही बहुधा चहाची पत्ती नसते. शेवंती, ज्येष्ठमध वगैरे उकळलेलं असतं.

जुनी रीत अशी: जिन्नस २०-३० मिनिटं भिजवायचे, पाणी त्यांच्यावर दोन बोटं राहील एवढं. उकळी फुटली की मंद आचेवर २०-३० मिनिटं ठेवून गाळायचं. चोथा पुन्हा उकळून दोन्ही पाणी एकत्र करायचं आणि दोन वेळा प्यायचं. पुदिना शेवटच्या पाच मिनिटांत, नाहीतर त्यातलं तेल उडून जातं. भांडं मातीचं किंवा स्टीलचं. लोखंडी नको, झाडपाल्यातल्या टॅनिन या तुरट द्रव्याशी लोखंडाची अभिक्रिया होते.

'फूत्स' मात्र आधी एकटं, बराच वेळ उकळतात. हे आपल्या बचनागाच्या जातकुळीतलं मूळ. त्यातलं ॲकोनिटिन हृदयाची लय बिघडवतं; उकळत्या पाण्यात त्याचं हळूहळू विघटन होऊन बरंच कमी विषारी द्रव्य उरतं. म्हणून शोधन केलेलं (विष कमी करण्यासाठी आधीच प्रक्रिया केलेलं) मूळ घेऊनही तास-दोन तासांची आच ठरलेली. कपात गरम पाणी ओतून पाच मिनिटं झाकल्याने हे काम होत नाही. २०१७ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधून आणलेल्या पानांचा चहा पिऊन दोघांना ॲकोनिटिनची विषबाधा झाली. त्यातली महिला दगावली.

यावरून 'नीट उकळलं की झालं' असा समज होतो, आणि तो बेल्जियमच्या प्रकरणात साफ खोटा ठरतो. १९९०च्या सुमारास ब्रुसेल्सच्या एका वजन घटवण्याच्या दवाखान्यातल्या गोळ्यांमध्ये 'हान फांगची' या मुळाऐवजी 'ग्वांग फांगची' हे दुसरंच मूळ गेलं. उच्चार जवळचा, वनस्पतीचं कूळ वेगळं. दुसऱ्यात ॲरिस्टोलोकिक आम्ल असतं. शंभरहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडं खराब झाली, पुढे काहींना मूत्रमार्गाचा कर्करोगही झाला. तिथे गोळ्यांत मुळाचं चूर्ण होतं, पण काढा करूनही हे आम्ल निघून गेलं नसतं. चीनने ग्वांग फांगचीचा वापर २००४मध्ये थांबवला.

तेव्हा पाकिटावर नुसतं 'फांगची' लिहिलेलं असेल तर घेऊ नये. हान फांगचीचं लॅटिन नाव 'स्टेफानिया टेट्रांड्रा' असं पूर्ण छापलेलं हवं.