छोट्या बॉयलरच्या सेफ्टी प्लगमागचा इतिहास

घरच्या लेथवर वाफेच्या इंजिनाची मॉडेल्स बनवणाऱ्या पुण्यातल्या मंडळींत एक वाद पुन्हा पुन्हा निघतो. सेफ्टी प्लगची, म्हणजे पाणी संपल्यावर वितळणारा धातू आत भरलेल्या आट्याच्या बुचाची, बॉडी पितळेची चालेल की गनमेटलचीच (मुख्यतः तांबे आणि कथील यांचा मिश्रधातू) हवी, आणि तिच्या भोकात भरायचे काय?

१८०३ मध्ये लंडनजवळ ग्रिनिच इथे उच्च दाबाचा बॉयलर फुटून चार माणसे गेली. तो बॉयलर ज्याच्या आराखड्याचा होता, त्या अभियंत्याने त्यानंतर बॉयलरला शिशाचा प्लग बसवायला सुरुवात केली. भट्टीच्या छतावरचे पाणी उतरले की प्लग उघडा पडून वितळतो, वाफ आगीवर सुटते आणि धोका ओरडून कळतो. फ्रान्सने १८२३ मध्ये दुसरी वाट धरली. शिसे, कथील आणि बिस्मथ यांच्या मिश्रधातूच्या चकत्या सक्तीच्या केल्या. कामाच्या तापमानापेक्षा थोडे वर गेले की त्या वितळाव्यात, असा हिशेब होता. तो फसला. अशा मिश्रधातूतला लवकर पातळ होणारा भाग दाबाने आधीच बाहेर ढकलला जातो आणि मागे राहतो तो सहजासहजी न वितळणारा भाग. १८३० च्या दशकात अमेरिकेत झालेल्या प्रयोगांत हे दिसले. तिथे पुढे २३२ अंशांना वितळणारे शुद्ध कथील रूढ झाले.

कथिलातही खोट निघाली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात वापरातले प्लग काढून तपासले, तेव्हा काहींच्या आत कथिलाचे ऑक्साइड तयार झालेले आढळले. हे ऑक्साइड भट्टीच्या उष्णतेला अजिबात दाद देत नाही, म्हणजे प्लग जागेवर असून नसल्यासारखाच. दोष मुख्यतः कथिलात मिसळलेल्या जस्ताकडे गेला.

पुण्यातल्या वादाचे मूळ इथे आहे. बोहरी आळीत पितळी सळई हवी त्या जाडीची मिळते, लेथवर ती लोण्यासारखी कापली जाते, आटेही स्वच्छ पडतात. गनमेटल मात्र शोधावे लागते, नाहीतर ओतून घ्यावे लागते. पण पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. त्यात तापलेले कथील ओतले की थोडे जस्त कथिलात उतरते, आणि गरम पाण्यात वर्षानुवर्षे राहिल्यावर पितळेतले जस्त झिजून बॉडी ठिसूळ होते ते वेगळेच. ‘एवढ्याशा बॉयलरला काय होतंय’ हा पितळवाल्यांचा युक्तिवाद मला पटत नाही. मॉडेलच्या प्लगमध्ये कथिलाचा गाभा बारीक असतो, त्यामुळे तो बिघडायलाही कमी वेळ पुरतो.

सोल्डर वायर वितळवून भरणे तर त्याहून वाईट. ४ ते ६ किलो दाबाला बॉयलरमधले पाणी १५० ते १६५ अंशांवर असते आणि ६०-४० ची (कथील-शिशाची) सोल्डर १८३ अंशांना वितळू लागते. एवढ्या जवळ ती मऊ पडते व हळूहळू सरकते. कल्हईचे शुद्ध कथील आणावे, भोक नवसागर लावून आधी कल्हई करून घ्यावे आणि मगच ते भरावे. गाभा त्यानेच पकड धरतो.

कुकरचा सेफ्टी प्लग बसवायची कल्पनाही कोणीतरी काढतोच. कुकर साधारण १ किलो दाबावर, १२० अंशांच्या आसपास चालतो आणि त्याचा प्लग झाकणात, वाफेत असतो. बॉयलरचा प्लग भट्टीच्या छतात, पाण्याखाली बसतो. त्याचे काम पाणी संपल्याची खबर देणे आहे. वाढलेला दाब सोडायला सेफ्टी वाल्व वेगळा लागतोच.

कायद्याचा इथे आधार नाही. १९२३ च्या बॉयलर कायद्यात २२.७५ लिटरपर्यंतची भांडी बाहेर होती, २००७ च्या दुरुस्तीने ती मर्यादा २५ लिटर केली. दोन-चार लिटरचे मॉडेल तपासायला निरीक्षक येत नाही. म्हणून दरवर्षी पाण्याच्या दाबाची चाचणी घेताना गाभा काढून नवा भरणे हे बनवणाऱ्यानेच स्वतःवर घालून घ्यायचे.

प्लगच नको, तेवढीच एक गळतीची जागा वाढते, असे म्हणणारेही जुने हात आहेत. स्पिरिटच्या दिव्यावर चालणाऱ्या लहान बॉयलरबाबत ते बरोबर आहेत. तिथे दिव्यात स्पिरिटच इतके घालतात की पाण्याआधी ते संपावे. कोळशाची आग अशी मोजून घालता येत नाही.